स्थिर आकार, वहन आकार आणि जावा

भंडारा जिल्ह्यातले नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडचे, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मॉईलची मँगनीज खाण, आसपास जंगल आणि धानाच्या बांध्या. अशा गावात विजेचा मीटर किती तऱ्हेच्या भिंतींवर लटकतो ते एकदा मोजून पाहावे. दोन खोल्यांचे घर, ओसरीत किराणा मांडलेले घर, पिठाची चक्की, शेतातली मोटार, आणि तालुक्याच्या गावाला गेले की राइस मिल. तारेतून येणारी वीज सगळीकडे तीच. तिचा हिशेब मात्र पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी होतो, आणि पाचही ठिकाणी तो पैशापर्यंत बरोबर असावा लागतो.

ग्राहकांची बिले काढणारे रूल इंजिन, म्हणजे नियम लावून उत्तर काढणारा प्रोग्राम, जावामध्ये लिहायला घेणाऱ्याने जाडजूड पुस्तक उघडण्याआधी घरातले लाइटबिल हाती घ्यावे. मोबाइलचे बिल असो, पाणीपट्टी असो की केबलचे भाडे, ग्राहकाला पैसे आकारणाऱ्या बहुतेक व्यवस्थांत येणाऱ्या अडचणी त्या एका कागदावर आधीच छापलेल्या असतात. टप्पे आहेत, वर्गवारी आहे, कर आहे, सवलत आहे, अनुदान आहे, थकबाकी आहे. सोबतीला दर ठरवणारी एक बाहेरची संस्था आहे, जी आपले वेळापत्रक प्रोग्रामरला विचारून ठरवत नाही.

आधी बिल वाचावे

महावितरणच्या बिलात ओळी येतात त्या अशा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, व्याज, समायोजित रक्कम, थकबाकी आणि शेवटी पूर्णांक देयक. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक किंवा अधिक नियम. ते उलगडून दाखवायला एक साधे घरगुती बिल पुरेसे आहे.

समजा, सिंगल फेजच्या घराने एका महिन्यात १३७ युनिट वापरले. हिशेबासाठी २०२४-२५ या वर्षाचे दर घेतले आहेत. ते आता मागे पडले, पण उदाहरणाला चालतात. पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० या टप्प्याला १०.२९ रुपये. म्हणजे १०० युनिटचे ४७१ रुपये, उरलेल्या ३७ युनिटचे ३८०.७३ रुपये, एकूण वीज आकार ८५१.७३ रुपये. वहन आकार प्रतियुनिट १.१७ रुपये, तो झाला १६०.२९ रुपये. स्थिर आकार १२८ रुपये. इंधन समायोजन आकार त्या महिन्यात शून्य धरला तर बेरीज १,१४०.०२ रुपये. घरगुती वापरावर वीज शुल्क १६ टक्के, म्हणजे १८२.४० रुपये. एकूण १,३२२.४२ रुपये, आणि दहाच्या पटीत पूर्णांक केल्यावर १,३२० रुपये.

एवढ्या छोट्या हिशेबातही काही गोष्टी नजरेत भरतात. वरच्या टप्प्याचा दर ३७ युनिटनाच लागला, मागच्या शंभरांना नाही. "शंभरच्या वर गेलो की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो" हा समज गावागावांत पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. वरच्याच दरांनी १०० युनिटचे बिल ८३०.५६ रुपये होते आणि १०१ युनिटचे ८४३.८५ रुपये. फरक १३ रुपये २९ पैशांचा. हाच गैरसमज प्रोग्रामरच्या डोक्यात असला, तर पहिल्याच बिलिंगला त्याचा परिणाम हजारो घरांवर होतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. वीज शुल्क आधीच्या बेरजेवर लागते, म्हणून ते त्या बेरजेनंतरच यायला हवे. वेळेत बिल भरल्याची सवलत याच्या उलट आहे. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरले तर एक टक्का सूट मिळते, पण ती कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर. वरच्या बिलात सूट ११.४० रुपये येईल, १३.२२ नाही. कोणती टक्केवारी कोणत्या बेरजेवर हे नियमातच लिहिलेले नसेल, तर इंजिन कितीही हुशार असले तरी बिल चुकणारच.

जर-तरचे रान

पहिला प्रयत्न बहुतेक जण 'जर-नाहीतर' च्या ओळींनी करतात, आणि तो पहिल्या आठवड्यात छान चालतो. मग वर्गवारीचे खरे नियम समोर येतात.

ओसरीत किराणा मांडलेले ते घर घ्या. ते घरगुती की व्यापारी? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशांत याचे उत्तर आहे. घराच्या एका भागात दुकान किंवा छोटा धंदा चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दर लागतो. एका वाक्यात तीन अटी, आणि त्यातली एक चालू महिन्याकडे पाहते तर दुसरी मागच्या वर्षाकडे. चालू रीडिंगवरून बिल काढणाऱ्या प्रोग्रामला आता ग्राहकाचा इतिहासही माहीत असावा लागतो.

दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठीचा नियम आणखी शिकवणारा. तिथे वर्षाला ३६० युनिटची मर्यादा आहे आणि पात्रता दर आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासायची असते. मर्यादा ओलांडणारा ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो आणि आदेशाप्रमाणे पुन्हा त्या सवलतीच्या वर्गात परत येत नाही. म्हणजे इथे नुसता आकडा पाहून भागत नाही, 'एकदा बाहेर पडला होता का' ही आठवणही जपावी लागते. वर्गवारी दर महिन्याला नव्याने मोजणारे इंजिन अशा ग्राहकाला पुढच्या वर्षी नकळत आत घेईल.

चक्की आणि राइस मिल लघुदाब औद्योगिक वर्गात मोडतात. दरआदेशात पिठाची चक्की, डाळ मिल, राइस मिल, पोहा मिल, मसाला मिल अशी नावे घालून यादीच दिलेली आहे. तिथे मंजूर भार २० किलोवॉटच्या आत असेल तर स्थिर आकार जोडणीमागे, आणि त्याच्या वर गेला की मागणी आकार केव्हीएवर. इथे दरासोबत सूत्रच बदलते. उच्चदाब उद्योगांच्या बाबतीत तर एप्रिल २०२० पासून मोजण्याचे एककच बदलून केव्हीएएच झाले.

शेतातल्या मोटारीचे प्रकरण निराळे. 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' २०२४ मध्ये आली आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षे वीज मोफत झाली. प्रोग्रामरला इथे 'दर शून्य' लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. पैसे ग्राहक देत नसला तरी शासन देते, म्हणून आकारणी पूर्ण काढावी लागते आणि अनुदानाची वजा ओळ वेगळी दाखवावी लागते. दर शून्य केला, तर शासनाकडून किती येणे आहे ते सांगणारा आकडाच प्रणालीत उरत नाही.

एवढे सगळे एका मेथडमध्ये कोंबले की चारशे ओळींचे रान तयार होते. कुणी रजेवर गेला की त्या रानात शिरायला दुसरा कुणी धजावत नाही.

नियमाला दोन तारखा हव्यात

बिलिंगच्या इंजिनाची खरी परीक्षा टप्प्यांत होत नाही, ती तारखांत होते. महाराष्ट्राने याचा धडा २०२५ मध्ये अनुभवला. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने नवा दरआदेश दिला. तो १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. महावितरणने फेरविचार मागितला आणि २ एप्रिलला आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. फेरविचाराचा आदेश २५ जूनला आला आणि बदललेले दर १ जुलैपासून लागू झाले.

ज्या प्रणालीत दर थेट कोडमध्ये लिहिलेला असेल तिचे त्या आठवड्यात काय होईल, याची कल्पना करून पाहावी. मार्चअखेर नवे दर टाकायचे, चाचणी करायची, सर्व्हरवर चढवायचे, आणि तिसऱ्या दिवशी सगळे उलटे फिरवायचे.

म्हणून नियमाच्या नोंदीत दोन वेगवेगळ्या काळरेषा ठेवाव्यात. एक 'कधीपासून कधीपर्यंत लागू' ही. दुसरी 'हा नियम प्रणालीला कधी कळला' ही. स्थगिती आली की नव्या दराची नोंद पुसायची नसते. तिच्यावर २ एप्रिलच्या तारखेने 'रद्द' अशी नवी नोंद चढवायची. मग दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते: १ एप्रिलला काय लागू आहे असे आपण १ एप्रिल रोजी समजत होतो, आणि १ एप्रिलला काय लागू होते असे आपण आज समजतो. लेखापरीक्षक पहिला प्रश्न विचारतो, ग्राहक दुसरा.

रीडिंगचा कालखंड दरबदलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असला की आणखी एक पेच येतो. दरआदेशात त्याची रीत सांगितलेली असते: दिवसामागे सरासरी वापर काढायचा, त्या-त्या भागातल्या दिवसांनी गुणायचा आणि दोन्ही भागांचे बिल आपापल्या दराने काढायचे. १७ मार्च ते १५ एप्रिल असे ३० दिवस आणि १२० युनिट धरले, तर १५ दिवस जुन्या दरात, १५ दिवस नव्या दरात, दोन्हीकडे ६०-६० युनिट. टप्प्याची मर्यादाही तशीच वाटली जाते. शंभरचा टप्पा दोन्ही भागांत ५०-५० होतो. प्रत्येक भागात ५० युनिट खालच्या दराने आणि १० वरच्या दराने.

हे वाटप विसरले तर ग्राहकाचे किंवा कंपनीचे नुकसान ठरलेले. रीडिंग दीड महिन्यांनी झाले आणि १४० युनिट आले, तर टप्पा १५० युनिटपर्यंत वाढायला हवा आणि सगळे युनिट पहिल्याच दरात बसायला हवेत. इंजिनाने मर्यादा शंभरावरच ठेवली, तर ४० युनिटना ५.५८ रुपये जास्त लागतील, म्हणजे वीज आकारातच २२३ रुपये २० पैशांचा भुर्दंड.

जावामध्ये दिवस मोजताना एक खाचखळगा सगळ्यांनाच भेटतो. 'लोकलडेट' च्या दोन तारखांमधले दिवस विचारले तर शेवटचा दिवस मोजला जात नाही. १७ मार्च ते १५ एप्रिल यांचे उत्तर २९ येते. यावर सोपा उपाय असा की सगळे कालखंड 'या तारखेपासून, त्या तारखेच्या आधीपर्यंत' असेच साठवावेत. म्हणजे १७ मार्चपासून १६ एप्रिलच्या आधीपर्यंत. दोन कालखंड शेजारी ठेवले की त्यांत ना भेग पडते, ना एखादा दिवस दोनदा मोजला जातो.

इंजिनाची बांधणी

आता प्रत्यक्ष रचना. चार भाग पुरतात.

पहिला भाग तथ्यांचा. ग्राहकाचा वर्ग, मंजूर भार, मागचे आणि चालू रीडिंग, मीटरची स्थिती, मागच्या वर्षाचा वापर, थकबाकी. जावा १६ पासून स्थिरावलेले 'रेकॉर्ड' यासाठी उत्तम, कारण एकदा भरले की त्यातले मूल्य बदलत नाही. नियम चालू असताना तथ्ये बदलू लागली, तर कोणत्या नियमाने कोणते मूल्य पाहिले हे नंतर शोधून काढणे अशक्य होते.

दुसरा भाग नियमांचा. प्रत्येक नियमाला दोनच कामे: 'मी इथे लागू होतो का' आणि 'लागू असेन तर बिलात कोणती ओळ घालतो'. एका इंटरफेसमध्ये ही दोन कामे बसतात. टप्पे, दर, टक्केवारी असे नुसते आकडे बदलणारे नियम डेटाबेसच्या तक्त्यात ठेवावेत: वर्ग, खालची मर्यादा, वरची मर्यादा, दर, लागू तारखा, नोंदीची तारीख आणि ज्या आदेशातून तो आकडा आला त्याचा संदर्भ. अटींचा आकारच निराळा असलेले नियम, उदाहरणार्थ ओसरीतले दुकान किंवा 'एकदा बाहेर पडला की परत नाही', साध्या जावा क्लासमध्ये लिहावेत. सगळेच नियम तक्त्यात कोंबण्याच्या हट्टापायी पुष्कळ प्रकल्पांत तक्त्याची नवी भाषा जन्माला येते. तिला ना संपादक असतो, ना चुका शोधण्याचे साधन.

तिसरा भाग टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या क्रमाचा. आधी वर्गवारी, मग कालखंडाचे तुकडे, मग युनिटची विभागणी, मग वेगवेगळे आकार, त्यांच्या बेरजेवर शुल्क, मग अनुदान आणि सवलत, मग थकबाकी आणि व्याज, शेवटी पूर्णांक. एकाच टप्प्यातल्या नियमांनी एकमेकांवर अवलंबून राहायचे नाही, हे पथ्य पाळले की त्यांचा आपसातला क्रम बदलला तरी बिल तेच येते. हे खरेच तसे आहे का ते चाचणीत नियमांची उलटापालट करून तपासता येते.

चौथा भाग मागोव्याचा, आणि घाईत सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच. बिलातल्या प्रत्येक ओळीबरोबर ती घालणाऱ्या नियमाचे नाव, त्याची आवृत्ती आणि त्याने वापरलेले आकडे साठवावेत. 'घरगुती, दुसरा टप्पा, ३७ युनिट, दर १०.२९, रक्कम ३८०.७३' इतकी नोंद असली की काउंटरवर आलेल्या ग्राहकाला उत्तर देताना कारकुनाला प्रोग्रामरला फोन लावावा लागत नाही. जे नियम लागू झाले नाहीत त्यांचीही निदान वर्गवारीच्या टप्प्यात नोंद ठेवावी. "मला सवलत का नाही मिळाली?" हा प्रश्न "मला हे का लागले?" इतक्याच वेळा विचारला जातो.

दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर? रूल इंजिनांच्या दुनियेत यासाठी नियमांना अग्रक्रमाचे आकडे देण्याची सोय असते. बिलिंगमध्ये ती वापरण्याआधी दोनदा विचार करावा. आज एका नियमाला १०, उद्या त्याच्यावर मात करायला दुसऱ्याला २०, परवा तिसऱ्याला १००, अशी बोली लागते. वर्गवारीत दोन नियम जुळले तर इंजिनाने बिल थांबवून ते अपवादांच्या यादीत टाकावे. एकही नियम जुळला नाही तरीही तेच करावे. शून्य रुपयांचे बिल छापून पाठवणे हा सगळ्यात वाईट पर्याय.

नावांबद्दल एक सूचना. जावा सुरुवातीपासून युनिकोड ओळखते, म्हणून क्लासचे नाव देवनागरीत 'वहनआकार' ठेवले तरी कंपायलर तक्रार करत नाही. तसे करायचे की नाही हे संघाने ठरवावे. मात्र नियमाचे नाव बिलावरच्या शब्दाशी जुळलेच पाहिजे. बिलावर 'वहन आकार', तक्त्यात 'नेटवर्क फी' आणि कोडमध्ये तिसरेच काही असले, की बैठकीतला अर्धा तास भाषांतरात जातो.

पैशाला 'डबल' चालत नाही

जावामधला 'डबल' हा प्रकार आकडे द्विमान पद्धतीत साठवतो. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. एका बिलात हे दिसणारही नाही. लाखो बिलांच्या बेरजेत मात्र हिशेब खातेवहीशी जुळत नाही, आणि मग दोन दिवस फरक शोधण्यात जातात. पैशासाठी 'बिगडेसिमल' वापरावा आणि तो अक्षरांतल्या आकड्यावरून तयार करावा. 'डबल' वरून तयार केलेल्या 'बिगडेसिमल' मध्ये मूळची चूक जशीच्या तशी उतरते. तुलना करतानाही सावध राहावे: नेहमीच्या समानतेच्या कसोटीला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, म्हणून तिथे 'कम्पेअर टू' वापरावे.

पूर्णांक कुठे करायचा हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरे तर नियमाचाच भाग आहे. वरच्या बिलात शुल्क १८२.४०३२ आले. ते ओळीवरच १८२.४० करायचे की शेवटी एकदाच? अर्धा पैसा वर न्यायचा की जवळच्या सम आकड्याकडे? ०.१२५ चे एका पद्धतीने ०.१३ होते, दुसरीने ०.१२. उत्तर कोणतेही असो, ते लेखी असावे, एकाच ठिकाणी असावे आणि पूर्णांकात सुटलेला फरक पुढच्या बिलात कसा न्यायचा तेही ठरलेले असावे. कालखंडाचे तुकडे पाडतानाही हेच. १२१ युनिटचे दोन समान भाग ६०.५ होतात. अपूर्णांक चालत नसेल तर पहिल्या भागाला पूर्णांक द्यावा आणि उरलेले सगळे शेवटच्या भागात टाकावेत, म्हणजे बेरीज मोडत नाही.

तयार इंजिन घ्यावे का?

रूल इंजिनाची कल्पना जावापेक्षा जुनी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी १९७० च्या दशकात 'रेटे' नावाचा अल्गोरिदम मांडला. लॅटिनमध्ये रेटे म्हणजे जाळे. हजारो नियमांच्या अटी पुन्हा पुन्हा तपासण्याऐवजी त्यांतल्या समान अटींचे जाळे विणायचे आणि एखादे तथ्य बदलले की जाळ्याचा तेवढाच भाग हलवायचा, ही त्यामागची युक्ती. त्याच विद्यापीठात १९७८ मध्ये जॉन मॅकडरमॉट यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनसाठी संगणकांची जुळणी ठरवणारी नियमांवर आधारित प्रणाली बांधली. जावाच्या जगात 'ड्रूल्स' २००१ मध्ये सुरू झाले, २००५ मध्ये जेबॉसकडे आले आणि सहाव्या आवृत्तीत रेटेच्या जागी त्याचाच सुधारित अवतार 'फ्रीक' आला. आता ते अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

ड्रूल्ससारखे साधन कधी घ्यावे? एका नियमाच्या निष्कर्षावरून दुसरा जागा होतो, त्यावरून तिसरा, असे जाळे खरोखर असेल तेव्हा. विमा दाव्यांतल्या संशयास्पद व्यवहारांचा शोध हे त्याचे चांगले उदाहरण. बिलाचा हिशेब मात्र बराचसा सरळ रांगेत चालतो. क्रम ठरलेला, टप्पे ठरलेले. तिथे स्वतःचे छोटे इंजिन पुरते आणि चूक शोधायलाही सोपे जाते. मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्येच इशारा दिला होता की एकमेकांना जागे करणाऱ्या नियमांच्या प्रणालीत प्रोग्रामचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मर्यादित कामापुरते आपले इंजिन बांधण्याचा विचार जरूर करावा.

मधला मार्गही आहे. २०१५ मध्ये आलेल्या 'डीएमएन' या मानकात निर्णय-तक्ते लिहिण्याची रीत ठरवली आहे. त्यात तक्त्याला 'एकच ओळ जुळली पाहिजे' अशी अट घालता येते आणि ती मोडली तर चूक दाखवली जाते. वर्गवारीसारख्या कामाला हे नेमके बसते. शिवाय असा तक्ता दरविभागातला अनुभवी कर्मचारी प्रोग्रामरशिवाय वाचू शकतो.

वेगाची धास्ती अनेकांना असते. महावितरणचे ग्राहक सुमारे तीन कोटी. एका बिलाला एक मिलिसेकंद लागली तरी एकाच धाग्यावर तीस हजार सेकंद, म्हणजे आठ तास वीस मिनिटे. काम दहा धाग्यांवर नीट विभागले गेले तर तासाभरात संपते, आणि बिले महिनाभर रीडिंगच्या चक्राप्रमाणे काढली जातात म्हणून एका रात्री सगळी काढावीच लागत नाहीत. खरा वेळ खातो तो डेटाबेस: प्रत्येक ग्राहकासाठी दरतक्ता पुन्हा वाचणे. तो एकदाच वाचून स्मृतीत ठेवावा आणि बिलिंग सुरू झाल्यावर मध्येच बदलू देऊ नये.

नवा नियम आला की

नवा नियम नेहमी जुन्या साच्यात बसत नाही. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. गणित सोपे आहे, पण महिन्याला दोन रीडिंगांवर चालणाऱ्या प्रणालीकडे 'सकाळी ९ ते सायंकाळी ५ चे युनिट' हे तथ्यच नसते. म्हणून तथ्यांच्या भागात वापर हा एकच आकडा न ठेवता वेळपट्ट्यांची यादी ठेवावी. जुन्या मीटरच्या ग्राहकाला त्या यादीत एकच पट्टी असेल, एवढाच फरक.

नियम बदलताना आणखी चार कामे शिस्तीने करावी लागतात. नियम लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा. लागू होण्याआधी नव्या नियमांनी मागच्या महिन्याची बिले पुन्हा काढून जुन्या बिलांशेजारी ठेवावीत आणि ज्यांत अपेक्षेबाहेर फरक आला ती हाताने तपासावीत. छापून गेलेले बिल कधीही बदलू नये. चूक सापडली तर पुढच्या बिलात 'समायोजित रक्कम' या ओळीने ती दुरुस्त करावी, ग्राहकाला तो शब्द ओळखीचा आहे. आणि प्रत्येक सीमेवर तीन-तीन चाचण्या लिहाव्यात: ९९, १००, १०१ युनिट. २९९, ३००, ३०१ युनिट. वर्षाला ३५९, ३६०, ३६१ युनिट. सहाव्या, सातव्या आणि आठव्या दिवशी भरलेले बिल. फेब्रुवारीचे २८ आणि २९ दिवस. मीटर बदलला तो महिना. घराला कुलूप होते म्हणून सरासरीवर काढलेले बिल आणि त्यानंतर आलेले खरे रीडिंग.

सुरुवात मात्र घरगुती बिलापासूनच करावी. एकाच मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले घ्यावीत, ओळ न् ओळ इंजिनाच्या उत्तराशी लावून पाहावी. बारापैकी एखादे बिल दरबदलाच्या तारखेवरून गेलेले असेल, एखाद्यात रीडिंग उशिरा झालेले असेल, एखाद्यात थकबाकीचे व्याज असेल. ती बाराही पैशापर्यंत जुळली की पिठाच्या चक्कीचे बिल हाती घ्यावे, मग शेतातल्या मोटारीचे. राइस मिलचे सगळ्यात शेवटी, कारण त्यात मागणी आकार आहे आणि तो मोजायला पुन्हा नवी तथ्ये लागतात.